प्रदूषण मंडळाच्या ऑर्डरवर स्टे मिळतो का? मिळतो, पण आधी कुठल्या दारात जायचं ते बघा

एमआयडीसीतल्या एखाद्या युनिटला प्रदूषण मंडळाची क्लोजर ऑर्डर आली की पहिली धावपळ सुरू होते ती स्टेसाठी. साहजिक आहे, कारण त्या कागदाची एक कॉपी महावितरणला गेलेली असते आणि एक पाणीपुरवठावाल्यांना, म्हणजे तुम्ही ऑर्डर वाचून संपवेपर्यंत लाईट आणि पाणी तोडायची तयारी तिकडे सुरू झालेली असते, मुदत बऱ्याचदा ४८ नाहीतर ७२ तासांची, आणि आत टाकीत अर्धवट रंगलेलं कापड पडलेलं असतं किंवा प्लेटिंगच्या बाथमध्ये जॉब लटकलेला असतो. मग मालक गाठतो तालुक्याच्या कोर्टातला ओळखीचा वकील, बांधाचा दावा त्यानेच चालवलेला, भाडेकरूची केस त्यानेच काढलेली, आणि दोघं मिळून दिवाणी कोर्टात दावा टाकतात की मंडळाला मनाई करा. इथेच गाडी रुळावरून उतरते, आणि ती इतकी महागात पडते की कारखानदार, त्याचे कामगार आणि त्या कारखान्याच्या खालच्या अंगाला नदीकाठी राहणारी माणसं, तिघांनाही हे नीट माहीत असायला हवं असं मला मनापासून वाटतं. म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

१९७४ चा पाण्याच्या प्रदूषणाचा कायदा आहे, ज्याला सगळे वॉटर अ‍ॅक्ट म्हणतात. त्यातलं ५८ वं कलम दोन गोष्टी सांगतं. पहिली, या कायद्याखालचं अपिलीय प्राधिकरण ज्या विषयावर निर्णय देऊ शकतं त्या विषयावर दिवाणी कोर्टाला दावा चालवायचा अधिकारच नाही. दुसरी गोष्ट त्याहून कडक आहे: या कायद्याने दिलेल्या अधिकारात जी कारवाई केली किंवा करायची आहे, तिच्याविरुद्ध कुठल्याही कोर्टाने किंवा प्राधिकरणाने मनाई हुकूम द्यायचा नाही. "करायची आहे" हे शब्द नीट बघा. म्हणजे ऑर्डर यायच्या आधीच, नुसती शो-कॉज (कारणे दाखवा) नोटीस हातात असताना, "पुढची कारवाई थांबवा" असं सांगायलाही दिवाणी कोर्टात जाता येत नाही. १९८१ च्या एअर अ‍ॅक्टमध्ये ४६ वं कलम जवळपास शब्दाला शब्द हेच आहे. आणि हरित लवाद म्हणजे पर्यावरणाचे वाद ऐकणारं खास न्यायाधिकरण (एनजीटी), त्याच्या २०१० च्या कायद्यात २९ वं कलम आहे, ते म्हणतं की लवाद जे अपील ऐकू शकतो किंवा पर्यावरणाच्या नुकसानीचा जो दावा ठरवू शकतो त्यात दिवाणी कोर्टाने पडायचं नाही.

म्हणजे दार एका नाही, तीन कुलपांनी बंद केलंय. तरीही दावे पडतात, कधीकधी पहिल्याच तारखेला एकतर्फी तात्पुरता हुकूमही मिळून जातो, कारण समोर मंडळाचा वकील नसतो आणि कोर्टाला कोणी ५८ वं कलम दाखवलेलं नसतं. तो हुकूम टिकत नाही. मंडळाचा वकील येतो, दिवाणी प्रक्रिया संहितेच्या ऑर्डर ७ रूल ११ खाली अर्ज टाकतो की कायद्यानेच मनाई आहे सबब दावा फेटाळा, आणि बहुतेक वेळा तिथे विषय संपतो. काही जण हुशारी करतात, मंडळाला पार्टी न करता फक्त महावितरणवर दावा लावतात की "आमची लाईट तोडू नका". पण लाईट तोडायला सांगणारी ऑर्डर मंडळाचीच, त्यामुळे कोर्ट दाव्याचं मथळ्याचं पान बघत नाही, खरं मागणं काय आहे ते बघतं.

आता कुणी म्हणेल की हा अन्याय आहे, माणसाने कोर्टातही जायचं नाही का. तर हे कुलूप का लावलं ते समजून घ्या, मग राग थोडा कमी होईल. महाराष्ट्रात मंडळ आलं १९७० मध्ये, राज्याच्या स्वतःच्या १९६९ च्या कायद्याखाली, म्हणजे केंद्राचा कायदा यायच्याही आधी, आणि केंद्राचा वॉटर अ‍ॅक्ट आपण १९८१ पासून लागू केला. तेव्हा मंडळाच्या हातात कारखाना बंद करायचा थेट अधिकार नव्हता. नदी नासवण्यापासून कुणाला रोखायचं असेल तर मंडळालाच कोर्टात जाऊन मनाई मागावी लागायची. १९८४ ला भोपाळ झालं. त्यानंतर कायदे बदलले, १९८७ च्या दुरुस्तीने एअर अ‍ॅक्टमध्ये ३१अ आलं, १९८८ च्या दुरुस्तीने वॉटर अ‍ॅक्टमध्ये ३३अ आलं, आणि मंडळाला थेट लेखी निर्देश द्यायचा अधिकार मिळाला, बंद करा, वीज तोडा, पाणी तोडा. ज्या अधिकारासाठी एवढी माणसं मेल्यानंतर कायदा बदलला तो अधिकार तालुक्यातल्या एका एकतर्फी हुकमाने तीन तीन वर्षं गोठून राहिला असता तर त्याचा उपयोग काय होता? दाव्याचा निकाल लागेपर्यंत नाल्याने नदीत गेलेलं पाणी काही परत येत नाही. इचलकरंजीत २०१२ ला दूषित पाण्यातून आलेली कावीळ ज्यांनी बघितलीय, पंचगंगेच्या बंधाऱ्यावर मेलेल्या माशांचा खच ज्यांनी बघितलाय, त्यांना हे वेगळं सांगायला नको.

पण म्हणून मंडळ म्हणेल ती पूर्व दिशा असंही नाही. सँपल चुकीच्या ठिकाणाहून घेतलं जातं, शेजारच्या युनिटचं पाणी एकाच्या नावावर पडतं, बाजू मांडायला वेळच न देता ऑर्डर निघते, लहान युनिटवर लगेच कारवाई आणि मोठ्याला फक्त बँक गॅरंटी, हे सगळं होतं. त्याला दाद मागायची जागा कायद्याने ठेवलीय, फक्त ती दिवाणी कोर्टात ठेवलेली नाही.

आता त्या जागा. इथे जरा लक्ष देऊन वाचा, कारण वकिलांचाही इथे गोंधळ होतो.

कन्सेंट म्हणजे कारखाना चालवायला, सांडपाणी सोडायला लागणारी मंडळाची परवानगी. तो नाकारला, किंवा त्यात अशी अट घातली जी तुम्हाला मान्य नाही, म्हणजे वॉटर अ‍ॅक्टच्या २५, २६ किंवा २७ व्या कलमाखालची ऑर्डर असेल, तर ३० दिवसांत राज्य सरकारने नेमलेल्या अपिलीय प्राधिकरणाकडे २८ व्या कलमाखाली अपील. तिथेही हरलात तर मग हरित लवाद. पण ३३अ खालची क्लोजरची ऑर्डर असेल तर मधला टप्पा नाही, थेट हरित लवाद. आणि एअर अ‍ॅक्टच्या ३१अ खालची क्लोजर असेल तर? सगळ्यांना वाटतं तीही थेट लवादात. तसं नाहीये. एअर अ‍ॅक्टमध्ये मंडळाच्या ऑर्डरवर पहिलं अपील ३१ व्या कलमाखाली अपिलीय प्राधिकरणाकडेच आहे, आणि त्या प्राधिकरणाने निर्णय दिला की त्याच्यावर ३१ब खाली लवाद. दोन कायदे, दोन क्लोजर, दोन वेगळे रस्ते. आणि मंडळाच्या एकाच कागदावर वरती ३३अ आणि ३१अ दोन्ही छापलेले असतात! म्हणून ऑर्डर हातात आली की आधी तिचा मथळा आणि पहिला परिच्छेद वाचा, नेमकं कुठलं कलम वापरलंय ते बघा, शिव्या नंतर घाला.

आपल्याकडे लवाद म्हणजे पुण्यातलं पश्चिम विभागाचं बेंच, महाराष्ट्र, गोवा, गुजरात तिघांसाठी. लवादाला स्टे द्यायचा अधिकार आहे, त्याच्या कायद्याच्या १९ व्या कलमात मनाई किंवा स्थगिती द्यायचं स्पष्ट लिहिलंय, पण समोरच्यांना ऐकून घेतल्यावर. वॉटर अ‍ॅक्ट म्हणतो की कुठल्याही प्राधिकरणाने मनाई द्यायची नाही, मग लवाद कशी देतो, असा प्रश्न पडला असेल तर उत्तर असं की लवादाचा कायदा नंतरचा आहे, तो अधिकार त्यात नाव घेऊन दिलाय, आणि दुसऱ्या कायद्याशी विसंगती आली तर लवादाचा कायदा वरचढ असंही त्यातच लिहून ठेवलंय.

मुदत मात्र निर्दयी आहे. लवादात अपील ३० दिवसांत करायचं, सबळ कारण असेल तर लवाद आणखी ६० दिवसांपर्यंत माफ करू शकतो, त्याच्या पुढे एक दिवससुद्धा नाही. दिवाणी कोर्टातल्या स्टेच्या भरवशावर जे निवांत बसतात त्यांचं खरं नुकसान इथे होतं: चार महिन्यांनी दावा फेटाळला जातो, आणि तोपर्यंत लवादाची मुदत निघून गेलेली असते. मग केसमध्ये कितीही दम असो, ती ऐकायलाच कोणी उरत नाही.

उरलं हायकोर्ट. ५८ वं कलम "कुठल्याही कोर्टाने" म्हणतं, त्यात हायकोर्ट पण येतं का? रिट याचिकेपुरतं, म्हणजे सरकारी यंत्रणेविरुद्ध थेट हायकोर्टात करायच्या अर्जापुरतं, नाही येत. हायकोर्टाचा अधिकार घटनेच्या २२६ व्या अनुच्छेदातून येतो, आणि संसदेचा साधा कायदा घटनेला कुलूप लावू शकत नाही. १९९७ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने एल. चंद्रकुमार खटल्यात सांगून टाकलं की हायकोर्टाचा हा अधिकार घटनेच्या मूळ चौकटीचा भाग आहे, लवाद कितीही नेमा, तो काढून घेता येत नाही. हरित लवादाच्या बाबतीतही २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने तेच परत सांगितलं. आपल्या भागातल्या लोकांसाठी एक चांगली गोष्ट झालीय, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला मुंबई हायकोर्टाचं सर्किट बेंच सुरू झालंय, त्यामुळे सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्गवाल्यांना आता त्यासाठी मुंबई गाठायची गरज नाही.

पण हायकोर्टाचं दार उघडं आहे याचा अर्थ आत गेलं की स्टे मिळतो असा घेऊ नका. हायकोर्टाने स्वतःच स्वतःला लगाम घालून घेतलेत, आणि ते लगाम समजले की केस कशी मांडायची तेही समजतं.

पहिला प्रश्न कोर्ट विचारतं तो हा की कायद्याने अपील दिलंय ना, मग आधी तिकडे का गेला नाहीत. याला उत्तर १९९८ च्या व्हर्लपूल खटल्यात आहे. मूलभूत हक्काचा प्रश्न असेल, ऐकून न घेता ऑर्डर दिली असेल, ज्याला अधिकारच नाही त्याने ऑर्डर दिली असेल, किंवा कायद्यालाच आव्हान असेल, तर अपील असतानाही हायकोर्ट ऐकू शकतं. त्यामुळे "सीओडीचा (सांडपाण्यातल्या घाणीच्या एका मापाचा) आकडा चुकीचा आहे" हा मुद्दा घेऊन हायकोर्टात जाण्यात काही अर्थ नाही, तो लवादात घ्या, तिथे तज्ज्ञ सदस्य बसलेले असतात. पण "मंडळाने प्रस्तावित निर्देश दिलेच नाहीत, हरकत घ्यायला वेळ दिला नाही, आणि तातडी काय होती ते कारणही लिहिलं नाही" हा मुद्दा हायकोर्टाचा आहे. तातडी खरी असेल, वायूगळती सुरूच असेल, तर मंडळ आधी न ऐकता बंद करू शकतं, पण कारण कागदावर पाहिजे. आणि नुसत्या शो-कॉजवर हायकोर्ट सहसा हात घालत नाही, आधी उत्तर द्या म्हणतं.

दुसरा लगाम विज्ञानाचा. यावर आंध्रची एक केस फार शिकवणारी आहे. हैदराबादला पिण्याचं पाणी देणारे दोन तलाव आहेत, उस्मानसागर आणि हिमायतसागर, आणि त्यांच्या आजूबाजूला १० किलोमीटरपर्यंत प्रदूषण करणारा उद्योग नको असा सरकारी आदेश होता. एका तेल कंपनीने त्या पट्ट्यात जमीन घेऊन कारखाना उभा केला. मंडळाने कन्सेंट नाकारला. कंपनी अपिलात गेली, अपिलीय प्राधिकरणाने तज्ज्ञाचं प्रतिज्ञापत्र बघून मंडळाची ऑर्डर फिरवली, आणि पुढे हायकोर्टाने थेट मंडळालाच सांगितलं की कन्सेंट द्या. मंडळ सुप्रीम कोर्टात गेलं, तोच हा एम. व्ही. नायडू खटला. १९९९ च्या निकालात कोर्टाने सांगितलं की धोका नाही हे सिद्ध करायची जबाबदारी उद्योगावर आहे, धोका आहे हे मंडळाने सिद्ध करत बसायचं नाही, आणि शंका असेल तर कोर्टाने सावधगिरीच्या बाजूने झुकायचं. तांत्रिक प्रश्न तज्ज्ञांकडे तपासायला पाठवला गेला आणि डिसेंबर २००० मध्ये मंडळाचा नकार कायम झाला. सगळं बांधून झालंय, पैसे अडकलेत, या युक्तिवादाने काही साधलं नाही, कारण कन्सेंट मिळायच्या आधीच बांधकाम केलं होतं. यातून एवढं घ्या की कोर्ट मंडळाला "कायद्याप्रमाणे परत विचार करा" सांगू शकतं, "इतक्या दिवसांत निर्णय द्या" सांगू शकतं, पण मंडळाच्या खुर्चीत बसून स्वतः कन्सेंट वाटायला निघालं तर ते टिकणं अवघड.

आता ज्या केसमध्ये हे सगळं एकत्र दिसतं ती, तुतिकोरिनची स्टरलाइट. आपल्याशी तिचं नातं आहे, कारण हा तांब्याचा कारखाना आधी रत्नागिरीत यायचा होता, जमीन दिलेली होती, काम सुरू झालं होतं, आणि १९९३ मध्ये रत्नागिरीकरांच्या आंदोलनामुळे ते थांबलं. मग तो तामिळनाडूत गेला. तिथे वर्षानुवर्षं भांडण चाललं. २०१० मध्ये मद्रास हायकोर्टाने बंद करायला सांगितलं, सुप्रीम कोर्टाने त्यावर स्टे दिला, आणि २ एप्रिल २०१३ ला हायकोर्टाचा निकाल रद्द करून कंपनीला १०० कोटींची भरपाई भरायला लावली, कारखाना चालू ठेवायची मुभा दिली. त्याच्या चार दिवस आधी, २९ मार्चला, तामिळनाडूच्या मंडळाने वायूच्या तक्रारींवरून एअर अ‍ॅक्टखाली कारखाना बंद केला होता. कंपनी हरित लवादात गेली, आणि मे महिन्याच्या शेवटी लवादाने चालू करायला परवानगी दिली.

पुढे २०१८. ९ एप्रिलला मंडळाने कन्सेंटचं नूतनीकरण नाकारलं. २२ मेला मोर्चावर गोळीबार झाला, १३ जणांचा जीव गेला. दुसऱ्या दिवशी मंडळाची क्लोजर ऑर्डर आणि वीज तोडायचा हुकूम निघाला, आणि २८ मेला राज्य सरकारने स्वतःचा आदेश काढून कारखाना कायमचा बंद करायला सांगितलं. कंपनी परत हरित लवादात. लवादाने समिती नेमली आणि १५ डिसेंबर २०१८ ला सगळे आदेश रद्द करून मंडळाला तीन आठवड्यांत कन्सेंट द्यायला सांगितलं. कंपनी जिंकली असंच सगळ्यांना वाटलं.

१८ फेब्रुवारी २०१९ ला सुप्रीम कोर्टाने लवादाचा तो निकाल रद्द केला. प्रदूषण होतं की नव्हतं यात कोर्ट गेलंच नाही. कोर्ट म्हणालं लवादासमोरचं अपीलच चालण्यासारखं नव्हतं. कन्सेंट नाकारल्याचं अपील अपिलीय प्राधिकरणाकडे चालू होतं, तिथे निकाल लागायच्या आधी लवादात उडी मारता येत नाही. सरकारने वॉटर अ‍ॅक्टच्या १८ व्या कलमाखाली काढलेल्या आदेशावर लवादात अपीलच दिलेलं नाही. आणि लवाद हायकोर्ट नव्हे, सरकारच्या कुठल्याही निर्णयाची न्यायिक तपासणी करायचा सरसकट अधिकार त्याच्याकडे नाही. २०१३ चं प्रकरणही त्याच दोषात सापडलं, एअर अ‍ॅक्टच्या ३१अ ची ऑर्डर असताना थेट लवाद गाठला होता. जायचं असेल तर हायकोर्टात जा, असं सांगून विषय मोकळा सोडला.

विचार करा, देशातले सगळ्यात महागडे वकील, तरी दार चुकलं. कंपनी मग मद्रास हायकोर्टात गेली, १८ ऑगस्ट २०२० ला ८१५ पानांचा निकाल आला आणि याचिका फेटाळल्या. सुप्रीम कोर्टाने २९ फेब्रुवारी २०२४ ला कंपनीची विनंती नाकारताना साधारण असं म्हटलं की उद्योग बंद करणं हा पहिला पर्याय कधीच नसतो, पण उल्लंघनं वारंवार आणि गंभीर होती, त्यामुळे मंडळ आणि हायकोर्ट दोघांनाही दुसरा रस्ता उरला नव्हता. २०१८ च्या मे महिन्यानंतर तिथे तांबं बनवायचं काम परत सुरू झालं नाही. आणि कंपनीच्या बाजूला उभं राहून बघितलं तरी हे कठीणच आहे, कारण योग्य दारात सुरुवातीलाच गेले असते तर निदान नऊ महिने आधी उत्तर मिळालं असतं. कामगारांनी तेवढा काळ आशेवर काढला.

स्टे मिळाल्यानंतर तो टिकतो किती, हाही एक प्रश्न. २०१८ मध्ये सुप्रीम कोर्टाने एशियन रिसरफेसिंग खटल्यात सांगितलं होतं की स्टे सहा महिन्यांनी आपोआप उठेल. खूप लोक अजून तेच धरून बसलेत. पण पाच न्यायमूर्तींच्या पीठाने ते फिरवलं, योगायोग असा की तारीख तीच, २९ फेब्रुवारी २०२४. आता स्टे आपोआप उठत नाही, ज्याला उठवायचाय त्याने अर्ज करायचा.

आणि इथे गावकऱ्यांकडे येतो, कारण सगळं लिखाण कारखानदाराच्या बाजूने होतं आणि नाल्याच्या पलीकडच्या माणसाला कुणी काही सांगत नाही. ५८ वं कलम दोन्ही बाजूंना सारखंच लागू आहे. गावाशेजारी रेड कॅटेगरीचा, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या वर्गातला, प्लांट येतोय, मंडळ त्याला कन्सेंट देणार आहे, तर "देऊ नका" अशी मनाईही तुम्हाला दिवाणी कोर्टातून मिळणार नाही. पण २८ व्या कलमात अपील करायचा हक्क फक्त अर्जदार कंपनीला दिलेला नाही, ऑर्डरमुळे बाधित झालेली कुठलीही व्यक्ती अपील करू शकते. तीस दिवस तुम्हालाही तेच. म्हणून मंडळाच्या वेबसाइटवर आपल्या भागातल्या युनिटांचे कन्सेंट कधी निघतात यावर ग्रामपंचायतीतल्या एखाद्या पोराने लक्ष ठेवलं पाहिजे, पीडीएफ उघडून तारीख आणि अटी वाचल्या पाहिजेत, किती पाणी, कुठे सोडायचं, बीओडी (हेही पाण्यातल्या घाणीचं माप) किती. मंडळ काहीच करत नसेल तर हरित लवादात १४ व्या कलमाखाली अर्ज करता येतो, वाद पहिल्यांदा उभा राहिल्यापासून सहा महिन्यांत, किंवा हायकोर्टात मंडळाने आपलं काम करावं असा आदेश मागता येतो. मंडळाला रोखायला जेवढ्या अडचणी आहेत तेवढ्या मंडळाला कामाला लावायला नाहीत, कोर्टांचा कल तिथे जास्त मोकळा असतो.

आणि मंडळाने कारखाना बंद केला, कारखान्याने हायकोर्टातून तुम्हाला न कळवता एकतर्फी स्टे आणला, अशी वेळ आली तर हातावर हात धरून बसू नका. त्या याचिकेत तुम्ही प्रतिवादी असाल, तर २२६ व्या अनुच्छेदाचा तिसरा खंड तुमच्यासाठीच आहे. याचिकेची प्रत न देता, ऐकून न घेता तुमच्याविरुद्ध अंतरिम आदेश झाला असेल तर तो उठवायचा अर्ज करायचा आणि त्याची प्रत समोरच्याला द्यायची, मग हायकोर्टाने दोन आठवड्यांत त्या अर्जाचा निकाल लावायचा, आणि न लावल्यास तो अंतरिम आदेश उठतो, असं घटनेतच लिहिलंय. हे अक्षरशः बंधनकारक की नुसतं मार्गदर्शक यावर हायकोर्टांमध्ये मतभेद राहिलेत, तरी अर्ज पडला की केस बोर्डावर येते आणि तेवढ्यानेही फरक पडतो. तुम्ही प्रतिवादी नसाल तर आधी हस्तक्षेप अर्ज टाकून पार्टी व्हा, स्टरलाइटमध्येही असे हस्तक्षेप करणारे होते, तामिळनाडूतले राजकीय नेते वायको स्वतः उभे राहिले होते. सोबत फोटो लावा तारखेसकट, विहिरीच्या पाण्याचा मान्यताप्राप्त लॅबचा रिपोर्ट लावा, मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात दिलेल्या तक्रारींच्या पोचपावत्या लावा. ज्यांच्याकडे पोचपावती नाही त्यांनी आजपासून प्रत्येक तक्रारीची दुसरी कॉपी करून तिच्यावर आवक शिक्का मारून घ्यायला सुरुवात करा.